दगड नसलेली जागा

६ जानेवारी १९८६, सोमवार

प्रेमिला शांतवन सातपुते, माहेरची बनसोड, हिस —

जी व्यक्ती हयात नाही तिला उद्देशून लिहिणे तर्काला धरून नाही, हे मी जाणतो. आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्रच शिकवले. तथापि घरात दुसरे कोणी नाही, आणि काल जे घडले ते कोणाला तरी क्रमवार सांगणे आवश्यक वाटते. मी बोलत असताना तू मेथी निवडत बसायचीस. मला वाटायचे, तुझे लक्ष नाही. मग शेवटी एकच प्रश्न विचारायचीस आणि माझा सारा युक्तिवाद खाली बसायचा. त्या प्रश्नाची वाट पाहण्याची सवय अद्याप गेलेली नाही.

काल उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मंडळीला थांबवून घेतले. आपले पाळक मुकुंद पंडित तरुण आहेत. उत्साह आला की वेदीसमोरही बाह्या सरसावतात. त्यांनी सांगितले की सरकारच्या नव्या योजनेत मिशनच्या टेकडीवर पाच पवनचक्क्या उभारण्याचा प्रस्ताव आला आहे. चार चक्क्या वीज निर्माण करतील. पाचवी टेकडीखालच्या वस्तीसाठी पाणी उपसेल. जमीन मंडळीचीच राहील, वापर तेवढा द्यायचा.

टेकडी तुला सांगायला नको. तरी क्रम राहावा म्हणून लिहितो. जरीपटका मागे टाकून कोराडी रस्त्याने गेले की ती डाव्या हाताला लागते. पायथ्याशी आपले लहान प्रार्थनागृह, जे आता केवळ दफनाच्या प्रार्थनेला आणि ईस्टरच्या पहाटे उघडते. त्याच्यामागे उतारावर कबरस्तान, आणि वर उघडा माथा. पूर्वेची भिंत पडली आहे आणि तिच्याखाली तुझ्या चुलत बहिणीची, तुळसाबाईची वस्ती आहे. तुझे वडील ख्रिस्ती झाले, तिचे वडील छप्पन्न साली बौद्ध झाले; तू मात्र नाते कधी सैल होऊ दिले नाहीस. त्या वस्तीची विहीर फेब्रुवारीत तळाला जाते, हे मला तुझ्याकडूनच ठाऊक आहे.

ताराचंद फ्रान्सिस मागच्या बाकावरून उठला. त्याचे कबरीचे दगड घडवण्याचे दुकान असल्यामुळे आपल्यानंतर आपले काय व्हावे याविषयी बोलण्याचा अधिकार त्याला आहे, असे तो मानतो. "नागपुरात वारा कुठं हाय, पाळकसाहेब?" तो म्हणाला. "इथं मे महिन्यात पंख्यालेच घाम सुटते."

सारे हसले. मग तो गंभीर झाला. टेकडी मिशनने प्रार्थनेसाठी आणि दफनासाठी मागे ठेवली. निजलेल्यांच्या डोक्यावर यंत्रे फिरवण्यासाठी नव्हे. अर्धी मंडळी त्याच्या बाजूला झाली, अर्धी पाळकांच्या. मी चिटणीस आहे. मला मत नाही. प्रार्थनागृहाची आणि कबरस्तानच्या फाटकाची, अशा दोन्ही किल्ल्या माझ्याकडे असतात, एवढाच माझा संबंध.

निघताना ताराचंदने मला गाठले. तुझा दगड त्याने कापून, घासून ठेवला आहे. त्यावर कोरायचे बायबलमधले वचन मी निवडून दिलेले नाही. वचन सुचत नसेल तर नाव तरी लिहून द्या, इतके महिने झाले, असे तो म्हणाला. विचार चालू आहे, असे मी उत्तर दिले.

९ जानेवारी, गुरुवार

सरकारी सर्वेक्षक रुपराव ठाकरे सकाळीच स्कूटर घेऊन दारात आले. मनुष्य सभ्य आहे, पान खातो. कबरस्तानची हद्द मी समक्ष दाखवावी, अशी त्यांची विनंती होती. मी फाटकाचे कुलूप काढून दिले. गुडघा दुखत असल्यामुळे आत गेलो नाही. छत्रीने तिथूनच दाखवले.

कोणत्या कबरी नकाशात घ्यायच्या, असे त्यांनी विचारले. मी त्यांना मंडळीचा नियम सांगितला. तुला स्मरत असेल, पूर्वी लोक आपल्या वडीलधाऱ्यांसाठी चांगली जागा अडवून ठेवायला रिकाम्या जमिनीत लाकडी क्रूस रोवून जात. म्हातारे घरी आरामात चहा पीत असत आणि त्यांच्या नावाचा क्रूस इकडे उन्हात उभा. तो गोंधळ बंद करण्यासाठी एकोणऐंशी साली मीच मसुदा केला: दगड बसल्याशिवाय जागा कबर म्हणून धरू नये, ती मोकळी समजावी. नियम स्वच्छ आहे. रुपराव खूश झाले. सगळीकडे असे नियम असते तर आमचे काम किती सोपे झाले असते, असे म्हणाले.

सायंकाळी हवा चांगली होती. फुटाळा तलावापर्यंत पायी जाऊन आलो.

१९ जानेवारी, रविवार

टेकडीच्या माथ्यावर वारा मोजण्याचा खांब उभा केला आहे. टोकाला तीन वाट्या आडव्या फिरतात, आणि खांबाला ताणलेल्या तारा वाजतात. पाळकसाहेब उपासनेनंतर सर्वांना पाहायला घेऊन गेले. मी फाटकाशी थांबलो. वारा फारसा नव्हता, तरी वाट्या थांबत नव्हत्या. आणि तो आवाज बासरीही नव्हे, रडणेही नव्हे, असा काही मधला होता.

घरी आल्यावर मागच्या दाराची कडी लावली होती की नाही, हे पुन्हा पाहिले. लावली होती. हल्ली असे पाहणे होते. ही भीती नव्हे. एकटा राहणाऱ्या मनुष्याने सावध असावे, एवढेच.

२८ जानेवारी, मंगळवार

दुपारी भैय्याजी आले. टेकडीच्या पश्चिमेला ज्यांची संत्र्याची बाग आहे, ते. तू एकदा त्यांच्या घरून टोपलीभर संत्री आणली होतीस आणि ती आंबट निघाली, तरी तू त्यांना तसे कळू दिले नव्हतेस.

मी खुर्ची दिली, चहा केला. त्यांनी चहाची स्तुती केली. मग म्हणाले, "मास्तर, तुमी शिकले-सवरले मानूस. आंबिया बहार झाडावर हाय. वरून तुमचे पंखे फिरले का फूल गळते अन् ढग फाकते. मंग पावसाळ्यात आमी काय तुमच्या देवाजवळ पाऊस मांगाव का?"

ढगांची उंची आणि चक्कीची उंची यांतील अंतर मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. एखाद्या वर्गात असे शांत विद्यार्थी असत, आणि परीक्षेत ते सर्व चुकीचे लिहून येत. जाताना दारात थांबून त्यांनी चौकटीवर हात फिरवला.

"एकटेच राहता," ते म्हणाले. "कडी मजबूत हाय ना?"

सहानुभूतीनेच विचारले असावे. मी त्या वाक्याचे दोन्ही अर्थ तपासून पाहिले. मनुष्याच्या चेहऱ्यावरून कोणताही एक अर्थ सिद्ध होत नाही.

कडी मजबूत आहे. तरी लोहाराकडून दुसरी बसवून घेतली.

५ फेब्रुवारी, बुधवार

प्रार्थनागृहाच्या पश्चिमेकडील खिडकीवर कोणी दगड मारला. काच आत पडली आहे. वरच्या खांबाला लिंबू, बिब्बा आणि काळ्या चिंधीची बाहुली बांधलेली सापडली. पोलीस येऊन गेले. ताराचंदचे म्हणणे, हे बागवाल्यांचे काम. बागवाल्यांचे म्हणणे, ही ख्रिस्ती लोकांची आपसातील भांडणे. दोन्ही शक्य आहे. मला सर्वांत भयंकर वाटले ते हेच, की दोन्ही शक्य आहे.

पाळकसाहेब मला न्यायला आले होते. दार उघडून नुकसान पाहू, म्हणाले. मी त्यांना किल्ली दिली आणि बाहेर पिंपळाखाली उभा राहिलो. त्यांनी एकट्यानेच काच झाडली. परत येऊन किल्ली हातात ठेवताना ते माझ्याकडे पाहत राहिले. तरुण लोकांना पाहत राहण्याची वाईट सवय असते.

१६ फेब्रुवारी, रविवार

मंडळीची साधारण सभा ९ मार्चला ठरली. योजनेला संमती द्यायची की नाही, ते त्या दिवशी. रुपराव आज सदरच्या आपल्या चर्चमध्ये येऊन सांगून गेले की संमती आणि चक्क्यांचे सामान वर नेण्याच्या मार्गात कबर नसल्याचा चिटणीसाचा दाखला, दोन्ही मार्चअखेरच्या आत त्यांच्या कार्यालयात पोहोचले पाहिजेत. नाही तर योजना दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. "मार्च एंडिंग कोनासाठी थांबत नाई, साहेब," ते म्हणाले. ट्रकच्या मार्गावर त्यांनी चुना टाकूनही घेतला आहे.

मंडळीत दोन तट स्पष्ट झाले आहेत. एकाच बाकावर आयुष्यभर बसणारी माणसे आता दोन बाकांवर बसतात. गीत एकच असते, पण मागचे बाक अर्धी ओळ मागे राहतात. कुसुमताईंनी महिला मंडळात विचारले म्हणे, की चक्की मंडळीच्या जमिनीवर आणि पाणी मात्र मंडळीबाहेरच्यांना, हे कसे. पाळकसाहेबांनी प्रवचनात त्याचे उत्तर दिले. नाव कोणाचे घेतले नाही, पण सर्व माना कुसुमताईंकडे वळल्या.

मला विचारणारे विचारतात. मी सांगतो, चिटणीसाला मत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तुळसाबाई आली होती. बसने आली, बरोबर एका फडक्यात तुरीच्या ओल्या शेंगा. तू नसताना ती या घरात प्रथमच आली. बस म्हटले तरी खुर्चीवर बसली नाही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली. तू जिथे बसून तिच्याशी बोलायचीस तिथे. विहिरीला पाणी उरलेले नाही. टँकर एक दिवस येतो आणि दोन दिवस येत नाही, हे तिने सांगितले. मला वाटले, सभेत पाण्याची बाजू घ्या असे सांगायला आली असेल. मी उत्तर तयार ठेवले.

तिने शेंगांचे फडके सोडले, पुन्हा बांधले.

"भाऊजी, रागावू नका," ती म्हणाली. "पन चुन्याची रेघ बाईच्या अंगावरून गेली हाय."

मोठ्या बहिणीला ती बाई म्हणते. मला एवढे समजायला वेळ लागला नाही. बाकीचे समजायला लागला. मी तिला सांगितले की असे होणार नाही, रुपराव काळजीपूर्वक काम करणारे आहेत, नकाशात ज्या कबरी आहेत त्यांपासून त्यांनी योग्य अंतर ठेवले आहे. हे बोलत असतानाच मला ९ जानेवारीचे फाटक दिसले, आणि माझी छत्री दिसली.

ती दर आठवड्याला पडक्या भिंतीतून वर जाते, तुझ्यावर पाणी शिंपडते, असे कळले. स्वतःच्या घागरीतले. मला ते माहीत नव्हते.

"पानी आमाले पाह्यजेच," ती म्हणाली. "पन तिच्या उरावरून ट्रक नेऊन आनलेलं पानी आमच्या घशाखाली उतरनार नाई. तुमी सांगा त्याह्यले." थोडे थांबून तिने विचारले, "भाऊजी, तुमी काहून नाई आले एकदाबी?"

गुडघा, असे म्हणण्याचा माझा विचार होता. तिने माझ्या गुडघ्याकडे पाहिलेही नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज तपासणीसाठी टेकडीवर गेलो. फाटकाच्या कुलपात किल्ली घातली, पण ती फिरली नाही. कुलूप गंजलेले नाही. हात नीट चालत नव्हता. वर तारा वाजत होत्या. मी परत फिरलो असतो. पण खालून तुळसाबाईने पाहिले आणि भिंतीकडून या म्हणून हात केला. तिच्या मागोमाग वस्तीच्या वाटेने वर गेलो.

लिहिणे आवश्यक आहे म्हणून लिहितो. मातीचा उंचवटा आता जमिनीला मिळाला आहे. लाकडी क्रूस वाळवीने खाल्ला असून एका अंगाला टेकला आहे. तुळसाबाईने त्याला चिंधीने एका काठीला बांधले होते. नदीतले गोल गोटे तिने भोवती मांडले आहेत. आणि चुन्याची रेघ डोक्याकडून आत येते आणि पायांकडून बाहेर जाते. चुना टाकणाऱ्या माणसाने गोटे न हलवता वरूनच चुना टाकला. काही गोटे अर्धे पांढरे झाले आहेत.

एका बाजूला खोल घळ आहे, दुसऱ्या बाजूला दगडांच्या कबरींची रांग. ट्रक जायला मोकळी जागा एवढीच, आणि ती मीच मोकळी ठरवली. नियमाचा मसुदा माझा आहे. त्यात मी पळवाट ठेवलेली नाही.

मी गोटे पुसू लागलो. रुमाल पांढरा झाला. तुळसाबाई पाठ करून उभी राहिली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

रुपरावांना कार्यालयात जाऊन भेटलो. त्यांनी पान थुंकून येऊन सर्व ऐकले आणि डोक्याला हात लावला. "साहेब, तुमी तवाच काहून नाई सांगतलं?" हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला गेला आहे, केवळ शब्द निराळे.

दुसरा मार्ग आहे. प्रार्थनागृहाच्या अंगणातून वर जाता येते. परंतु त्यासाठी पडवी पाडावी लागेल; आणि दारासमोरून अवजड वाहने जाणार म्हणजे तिथे उपासना होणे नाही. ती खोली साहित्य ठेवण्यासाठी आणि पुढे यंत्राच्या देखभालीसाठी योजनेकडे द्यावी लागेल. मंडळीने असे लेखी दिले तर ते नकाशा पालटतील. नाही दिले तर जुनाच मार्ग. कोणताच नाही दिला तर काही नाही.

ज्या प्रार्थनागृहात आपला विवाह झाला त्याची पडवी. तुझ्या वडिलांनी तिथे सर्वांना सरबत दिले होते.

२ मार्च, रविवार

चुन्याच्या रेघेचे ताराचंदला कळले. उपासनेनंतर मला हाताला धरून त्याने दुकानात नेले. तुझा दगड भिंतीशी उभा आहे. काळसर, चांगला गुळगुळीत. त्यात माझा चेहरा दिसला, तेव्हा मी बाजूला सरलो.

त्याने स्टुलावर बसवून हलक्या आवाजात समजावले. उद्या सकाळी तो दगड बसवतो. दगड बसला की जागा कबर झाली, माझ्याच नियमाने. मार्ग अडला, दुसरा मार्ग मंडळी देणार नाही, ते तो पाहून घेईल. मार्चअखेर निघून जाईल. मग ना चक्की, ना दगडफेक, ना भैय्याजी.

"तुमाले भांडायचं कामच नाई, सर," तो म्हणाला. "फक्त नाव लिहून द्या. नाव तर देऊ शकता ना?"

त्याने खडू दिला. मी तुझे पूर्ण नाव पाटीवर लिहिले. अक्षर थरथरीत आले. त्याने ते पाहून न पाहिल्यासारखे केले. इतक्या महिन्यांत मला जे जमले नाही ते घडले होते, आणि कारण फक्त हे की त्यामुळे भीती संपणार होती.

मग मी ती पाटी घेऊन घरी आलो. उद्या नको, ९ तारखेनंतर बसव, असे सांगितले. तो म्हणाला, नंतर बसवून काय फायदा. पाटी इथे टेबलावर आहे. तू मेथी निवडता निवडता काय विचारले असतेस ते मला समजते आहे. तुळसाबाईची घागर मग कोण भरणार, असे विचारले असतेस.

७ मार्च, शुक्रवार

मागच्या दाराबाहेर संत्र्याची टोपली ठेवलेली सापडली. चिठ्ठी नाही, कोणाचे नाव नाही. फळे पिकलेली, चांगली. मी एकही खाल्ले नाही. टोपली कोणी, केव्हा आणि कोणत्या वाटेने परसात आणली, हे शेजाऱ्यांना विचारले. कोणी पाहिले नाही. दुसरी कडी आतून लावलेलीच होती.

९ मार्च, रविवार

सभा झाली. सदरचे चर्च भरले होते. लग्नालाही इतके लोक येत नाहीत. पाळकसाहेबांनी प्रार्थनेने आरंभ केला आणि दाखला वाचण्यासाठी माझे नाव घेतले.

दाखल्याचा कागद माझ्या हातात होता: नियोजित मार्गात कबर नाही. नियमानुसार ते विधान सत्य होते. मी उभा राहिलो आणि विधान वाचले नाही. त्या मार्गात एक जागा आहे, तिच्यावर दगड नाही, कारण दगड बसवणे माझ्याच्याने झाले नाही. ती माझ्या पत्नीची आहे. असे मी सांगितले. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला की नाही, ठाऊक नाही. मागून कोणीतरी "मोठ्यानं" असे म्हणाले, तेव्हा मला ते पुन्हा सांगावे लागले.

ताराचंदच्या बाजूला कुजबुज झाली. त्यांना वाटले, झाले. तेव्हा मी दुसरा मार्ग मांडला. प्रार्थनागृह द्यावे. दफनाची प्रार्थना कबरीपाशी उघड्यावर करता येते. पाणी उघड्यावर सापडत नाही. हे वाक्य मी तयार केलेले नव्हते.

मग जे झाले त्याला गदारोळ म्हणतात. कुसुमताई रडल्या, त्यांच्या आईची शेवटची प्रार्थना तिथेच झाली होती. कोणी म्हणाले, चिटणीसाला मत नसते ना. ताराचंद मधल्या वाटेत आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते.

"बायकोच्या मातीसाठी देवाचं घर देऊन राहिले, सर?"

मी विचार केला. प्रश्न योग्य होता. वस्तीच्या पाण्यासाठी देतो आहे, की तुझ्यासाठी, की मी पुन्हा त्या दारातून आत जाऊ नये म्हणून, हे मला आजही वेगळे करता येत नाही. "होय," असे मी म्हणालो. "आणि पाण्यासाठी." मग खाली बसलो.

हात वर झाले. पाळकसाहेबांनी दोनदा मोजले. ठराव थोडक्या मतांनी संमत झाला. बाहेर पडताना जुन्या ओळखीची दोन माणसे माझ्याशी बोलायचे टाळून चपला शोधत राहिली.

१३ मार्च, गुरुवार

इतवारीत डाळ आणायला गेलो होतो. भैय्याजींची जीप गर्दीत माझ्याशेजारी येऊन थांबली. हातगाड्यांमुळे दोघांनाही हलता येईना. त्यांनी संत्री आवडली का, असे विचारले. म्हणजे टोपली त्यांची. मी आभार मानले.

"पाऊस येऊ द्या, मास्तर," ते म्हणाले. "आला तर आपून दोस्त. नाई आला तर मंग पाहू." आणि हसले. हातगाडी पुढे सरकली, जीपही गेली. मी डाळ न घेताच घरी आलो.

हे आता सतत राहणार. जूनपर्यंत आकाशाकडे पाहायचे, आणि ज्या गोष्टीशी चक्कीचा काडीचा संबंध नाही तिची वाट पाहायची. ढगांच्या उंचीचा हिशेब मला तोंडपाठ आहे. त्याचा उपयोग होत नाही.

२९ मार्च, शनिवार

ताराचंद हातगाडीवर दगड घेऊन टेकडीवर आला. मी त्याला बोलावले नव्हते. पाटी मात्र मागच्या आठवड्यात दुकानात ठेवून आलो होतो. माझे थरथरीत अक्षर त्याने सरळ करून कोरले आहे. वचन नाही. तुझे पूर्ण नाव आणि दोन तारखा.

मी काही म्हणण्यापूर्वीच तो म्हणाला, "दगडाचं वेगळं, भांडणाचं वेगळं. भांडण चालूच हाय, सर." दगड सरळ बसला का, ते त्याने पाणसळ लावून तीनदा पाहिले. तुळसाबाईचे गोटे बाजूला करू का, असे त्याने विचारले. मी नको म्हटले. काही अजून पांढरट आहेत.

३० मार्च, ईस्टर

पहाटे प्रार्थनागृहाचे दार मी स्वतः उघडले. हात चालला.

तुझ्यानंतर इथे प्रार्थना झाली नव्हती; आत कोणी काही हलवलेले नव्हते. ज्या दोन लाकडी घोड्यांवर तुझी शवपेटी ठेवली होती ते समोरासमोर तसेच उभे होते. मध्ये तेवढेच अंतर. मी ते भिंतीशी नेऊन ठेवले, मग लोक आत आले. सगळे आले नाहीत. कुसुमताई आल्या, पहिल्या बाकावर बसल्या आणि माझ्याशी बोलल्या नाहीत.

गीत म्हणत सर्व जण वर कबरींकडे गेलो. आपल्या सर्व कबरींचे पाय पूर्वेला आहेत, म्हणजे उठणाऱ्यांना प्रथम सूर्य दिसावा; लहानपणापासून हे ऐकत आलो आहे. पूर्वेला वस्ती आहे, हे मी कधी लक्षात घेतले नव्हते. ऊन आले तेव्हा माथ्यावरच्या खांबाची सावली सर्वांच्या अंगावरून गेली, आणि तिच्यात त्या तीन वाट्या फिरत होत्या. पाच चक्क्या उभ्या राहतील तेव्हा पहाटे इथे काय फिरेल, ते मी पाहिले. प्रार्थनेचे शब्द मला ऐकू आले नाहीत.

भिंतीपलीकडे तुळसाबाई आणि तिच्याबरोबरच्या दोघी रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. टँकर आला नव्हता. मी त्यांना आत बोलावले. काहींनी मान फिरवली. ताराचंदने मात्र सरकून जागा दिली, आणि "जयभीम, बाई" म्हणून पुन्हा कपाळाला आठ्या घातल्या.

३१ मार्च, सोमवार

दुपारी रुपराव कागद घेऊन आले; मी दाखला दिला. त्यात आता जे लिहिले आहे ते सत्य आहे. मजुरांनी पडवीची कौले उतरवायला सुरुवात केली. एका कौलाखाली चिमणीचे घरटे निघाले. त्यांनी ते पिंपळाच्या खोबणीत ठेवले.

पाळकसाहेबांकडे चिटणीसपदाचा राजीनामा दिला. त्यांनी तो न वाचता खिशात घातला आणि फाटकाची किल्ली ठेवून घ्या, तुम्हाला लागेल, असे म्हणाले. मी नको म्हटले. चिटणीस नसलेल्या मनुष्याकडे किल्ली असू नये. मला यायचे झाले तर भिंतीकडून वाट आहे. वस्तीतून वर चढताना गुडघा दुखत नाही, हे मी पाहिले आहे.

उद्या माथ्यावर खड्डे खणतील. पावसाचे माहीत नाही. भैय्याजींचे माहीत नाही. पाणी खरोखर वर येईल का, हेही रुपराव शपथेवर सांगत नाहीत. वारा पुरेसा आहे, असे म्हणतात आणि दुसरीकडे पाहतात. ही सावधगिरी नव्हे, प्रेमिला. मला भीती वाटते.

साडेपाचला प्रार्थनागृहात जाऊन खिडक्या लावल्या. फुटलेल्या खिडकीला पुठ्ठा बसवला. दार ओढले, कुलूप घातले, दोनदा हिसका देऊन पाहिले. प्रार्थनागृहाची किल्ली रुपरावांना दिली आणि फाटकाची पाळकसाहेबांकडे परत केली.